पासिंगला नापास झालेली निळी मोटार

मी एक जुनी मोटार आहे. फिकट निळी, चार दारांची, आणि यंदा पासिंगला नापास झालेली. मित्रांनो, तुम्ही नापास झालात तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात बसता. आमच्यात तशी सोय नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सपाट पत्रे दाबून, वाकवून माझे अंग घडवले, त्यावर रंग चढवला आणि मला दुकानात काचेमागे उभे केले. येणारे लोक माझे दार उघडत, हॉर्न वाजवत आणि निघून जात. एका दुपारी पांढऱ्या गणवेशातल्या एक बाई आल्या. त्यांनी हॉर्न वाजवला नाही. पर्समधून मोजपट्टी काढून त्या माझ्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजू लागल्या.

त्या म्हणजे माझ्या ताई. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या आणि घरोघरी जाऊन आजारी माणसांच्या जखमा बांधण्याचे काम त्यांच्याकडे नुकतेच आले होते. मोजपट्टी मात्र छोटीसाठी होती. छोटी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. लहानपणी आलेल्या तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते, ती कुबड्यांवर चाले. मी घरी आले तेव्हा ती चाळिशीची होती. आता साठी कधीच उलटून गेली, पण ताईंच्या तोंडी ती 'छोटी'च.

ताईंच्या ओळखीच्या मिस्त्रींनी चालकाशेजारची माझी सीट दोन बोटे उंच केली आणि दाराजवळ एक जाड पोलादी कडी बसवली. तिला धरून छोटी कुणाचाही हात न घेता आत सरकू शके. पहिल्यांदा जमले तेव्हा ती धापा टाकत हसली आणि म्हणाली, "ताई, चल आता. कुठेही चल!"

सोमवार ते शनिवार मी ताईंच्या कामावर असे. मागच्या सीटवर पट्ट्यांचे गठ्ठे आणि औषधांच्या बाटल्या. अरुंद गल्ल्या, चढाचे रस्ते, जिन्यांच्या इमारती. ताई वर जाऊन येईपर्यंत मी खाली थांबायचे. परत आल्यावर त्या दार कसे लावतात, यावरून मला वरच्या माणसाची तब्येत कळायची. छोटी त्या वेळी घरी बसून जुन्या पुस्तकांची बांधणी करी. रविवार मात्र तिचा होता. रविवारी आम्ही समुद्रावर जायचो.

पहिला रविवार मला अजून आठवतो. ताईंनी मला वाळूच्या अगदी कडेला उभे केले आणि छोटीला पाठुंगळी घेऊन त्या पाण्यात शिरल्या. छोटीने घाबरून त्यांचा गळा आवळला होता. कमरेइतक्या पाण्यात ताईंनी तिला हळूच पाठीवर तरंगत सोडले. मग छोटीचा आवाज आला, "ताई, इथे पायांचं काही कामच नाही गं!"

मित्रांनो, त्यानंतर पाऊस किंवा आजारपण सोडले तर आमचा एकही रविवार चुकला नाही. येताना छोटी ओल्या कपड्यांनीच सीटवर बसायची. टॉवेल अंथरलेला असे, तरी पाणी खाली ठिबके. रबरी चटईखाली जाई, तिच्याखालच्या जाजमात मुरे आणि तिथेच राही. ते खारे पाणी होते. ते काय करते आहे, हे आधी मलाही कळले नाही.

बाहेरून माझी बडदास्त मोठी होती. ताई मला धूत, पुसत, पॉलिश करत. "चोवीस वर्षांची गाडी? खोटं वाटतं!" असे लोक म्हणाले की ताईंची मान ताठ व्हायची. दोनदा मिस्त्री त्यांना म्हणाले होते, "एकदा आतलं जाजम उचकटून खालचा पत्रा बघू द्या." ताई घाईत असत. कुठेतरी कुणीतरी पट्टी बदलण्यासाठी वाट बघत असे. "पुढच्या खेपेला नक्की," असे सांगून त्या चावी फिरवत. मग त्या निवृत्त झाल्या, माझी कामाची धावपळ थांबली, पण पुढची खेप काही आली नाही.

मला मात्र कळू लागले होते. गेल्या वर्षापासून ब्रेक लागला की छोटीची सीट केसभर पुढे सरके. करकर असा आवाज येई. छोटी म्हणायची, "म्हातारी कण्हतेय." दोघी हसायच्या. मी ओरडून सांगत होते, पण माझ्याकडे तेवढी करकरच होती.

पासिंगच्या दिवशी ताईंनी मला पहाटे उठून धुतले. छोटीही बरोबर आली आणि तपासणी केंद्राच्या बाकावर कुबड्या टेकून बसली. निरीक्षक एक मध्यमवयीन बाई होत्या, हातात विजेरी आणि लहान हातोडी. दिवे, हॉर्न, ब्रेक, धूर, सगळे त्यांनी तपासले. मग मला तपासणीच्या खड्ड्यावर उभे करून त्या खाली उतरल्या आणि माझ्या पोटावर हातोडीने ठोकू लागल्या. टण, टण, टण. आणि एका जागी नुसतेच 'थप'. तिथे त्यांनी पेचकस टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

मला दुखले नाही. उलट, अखेर कुणाला तरी कळले, या विचाराने बरे वाटले. हे मी अजून कुणाला सांगितलेले नाही.

"नापास करावी लागेल," निरीक्षक वर येऊन म्हणाल्या.

"अहो, असं कसं?" ताईंचा आवाज चढला. "एक ओरखडा दाखवा तिच्यावर!"

"वरून तुम्ही फार छान ठेवलीय, बाई. खाली या, दाखवते."

सदुसष्ट वर्षांच्या ताई कठड्याला धरून खड्ड्यात उतरल्या. निरीक्षकांनी विजेरी मारली.

"या सीटवर कोण बसतं?"

"माझी बहीण."

"सीटला चार बोल्ट असतात. त्यांतल्या तीन बोल्टांखाली आता पत्राच उरलेला नाही. जोरात ब्रेक लागला असता तर सीटसकट त्या काचेवर गेल्या असत्या." मग त्यांनी विचारले, "समुद्राजवळ राहता का?"

ताईंनी भोकात बोट घातले. तांबूस पापुद्रे त्यांच्या तळहातावर गळून पडले. आयुष्यभर इतरांच्या जखमा उघडून बघणाऱ्या ताईंनी मूठ मिटून घेतली.

त्या बाहेर आल्या तेव्हा छोटीने विचारले, "काय झालं?"

"वय झालं तिचं."

"खोटं बोलताना तू नाक खाजवतेस, ताई." छोटीने ताईंची मूठ धरून उघडली. तळहातावरचा गंज तिने खूप वेळ पाहिला. "समुद्राचं पाणी ना? म्हणजे मीच खाल्लं हिला."

"तू एकटी कशी?" ताई तिच्याजवळ बाकावर बसल्या. "गाडी कोण चालवत होतं?" एवढे बोलून त्यांनी तोंडाला पदर लावला.

मिस्त्रींनी येऊन जाजम उचकटले. खालची चौकटही भुसभुशीत झाली होती. "वेल्डिंग करायचं तर टाका धरायला धड जागा हवी ना, ताई," ते म्हणाले. "मी तेव्हा हट्ट करायला हवा होता." ताईंनी त्यांना दोष दिला नाही. दोष दिला असता तर मिस्त्रींना बरे वाटले असते, असे मला वाटते.

दोन महिने मी गल्लीच्या कडेला उभी होते. काचेवर नापासाची लाल चिठ्ठी, टपावर पाचोळा, एक चाक बसलेले. दुसरी गाडी घेणे दोघींच्या आवाक्यात नव्हते. एका रविवारी त्या बसने समुद्रावर जायला निघाल्या. बसची पायरी उंच, मागे लोकांची रेटारेटी. तासाभरात त्या परत आल्या. छोटीचे कोपर सोललेले होते. ताई तिथेच, माझ्या बॉनेटला टेकून तिला पट्टी बांधू लागल्या, तेव्हा छोटी रस्त्याकडे बघत म्हणाली, "तसाही मला समुद्राचा कंटाळाच आला होता." ताई गाठ मारत राहिल्या.

भंगारवाल्याचा ट्रक आला त्या दिवशी ताईंनी माझ्या कप्प्यातून पट्टीचे एक भेंडोळे, चष्म्याचे घर आणि सुकलेले पेन बाहेर काढले. छोटी कुबड्या टेकत आली. "मला एकदा बसू दे," ती म्हणाली.

"नको गं, सीट..."

"उभी तर आहे ती. कुठे पळणार?"

ट्रकवाला साखळी हातात घेऊन उभा होता. "बसू द्या," तो म्हणाला, "मला घाई नाही." छोटी आत सरकली, दार लावून घेतले आणि डोळे मिटून बसली. ताई चालकाच्या जागी बसल्या. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मग ताई उतरल्या, पलीकडे जाऊन त्यांनी छोटीला उतरवले, आणि मला साखळी लागली.

आता मी भंगाराच्या आवारात आहे. माझे दिवे गेले, चाके गेली. उरलेल्या अंगाची पाळी कधी येईल, ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, शिलाई मशीन असेल, तर ती नुसती वरून पुसू नका. कधीतरी वाकून खालीही बघा. कुरकुर ऐकू आली तर हसण्यावारी नेऊ नका. तिला तेवढेच बोलता येते.

आणि आणखी एक मागणे आहे. ते माझ्यासाठी नाही. तुमच्या शेजारी कुणी कुबड्यांवर चालत असेल, आणि तुमच्या गाडीत एक जागा रिकामी असेल, तर रविवारी सकाळी दार वाजवून विचारा, "समुद्रावर येता का?" कंटाळा आलाय असे उत्तर मिळेल. तरी पुन्हा एकदा विचारा.