पानाची शेवटची ओळ

ऑर्केस्ट्रात दोन व्हायोलिनवाल्यांना मिळून एक स्टँड असतो आणि त्यावर स्वरलिपीची एकच वही. श्रोत्यांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो. आतल्या खुर्चीवरच्यानं मात्र पान संपत आलं की वाजवणं थांबवायचं, हात पुढे करायचा आणि पान उलटायचं. नियमच आहे तसा. ती सत्तावीस वर्षं आतल्या खुर्चीवर बसली. शेजारच्या गृहस्थांना सगळे ‘सरकार’ म्हणत. ती हसून म्हणायची, “सरकारांनी वाजवायचं, रयतेनं पानं उलटायची!”

हसायची खरी, पण आत सल होताच. शाळेत असताना ती एकटी वाजवायची, ढीगभर बक्षिसं आणायची. पोरगी नाव काढणार, असं जो तो म्हणायचा. मग शिक्षण झालं, परीक्षकांना चेहरा दिसू नये म्हणून पडद्याआड बसून अकरा ठिकाणी परीक्षा दिल्या, दहा ठिकाणी नकार मिळाला आणि अकराव्या ठिकाणी ही खुर्ची. “वर्षा-दोन वर्षांत बाहेरच्या खुर्चीवर बसाल,” व्यवस्थापक म्हणाले होते. वर्षा-दोन वर्षांत म्हणे! तो माणूस निवृत्त होऊन वारलासुद्धा.

तिची आई शिवणकाम करायची. सुरांतलं तिला ओ की ठो कळत नसे, पण हातांकडे बारीक लक्ष. पहिल्याच कार्यक्रमानंतर तिनं विचारलं, “अगं, शेजारच्यांचा गज वरखाली होत होता, तुझा मधेच थांबला. चुकलं का काही?”

लेकीनं पानाचं समजावून सांगितलं. आईला काही पटलं नाही. “म्हणजे तेवढं तुझं वाजवायचं राहतंच की!” त्यानंतर दर कार्यक्रमाला तेच. “आजही थांबलीस.”

एक संथ रचना होती. तिच्या तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत व्हायोलिनं हळूहळू वर चढतात. ती ओळ तिनं घरी हजारदा वाजवली असेल, आईनं शिलाई मशीन थांबवून ऐकली असेल. रंगमंचावर एकदाही नाही. आता तुम्ही म्हणाल, एका ओळीचं काय एवढं? नसेल तुमच्यासाठी. तिचा जीव अडकला होता तिच्यात.

तिच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात नेमकी तीच रचना ठरली. तेव्हा कुठे तिनं धीर करून सरकारांना विचारलं, “एक दिवस मी बाहेर बसू?”

“एवढंच ना? बस की. पानं मी उलटतो.” त्यांनी चष्मा पुसला. “आधी बोलली असतीस तर कधीच दिली असती खुर्ची.”

तिला रडावं की हसावं कळेना. सत्तावीस वर्षं हातभर अंतरावर बसून तोंडातून शब्द काढला नव्हता बाईनं.

कार्यक्रम दुपारचा होता. शहाऐंशी वर्षांची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला आता माणसं धुक्यासारखी दिसत, तरी हट्टानं आली होती. संथ रचना सुरू झाली. पहिलं पान सरकारांनी उलटलं, दुसरंही उलटलं. तिसरं संपत आलं. शेवटची ओळ समोर आली, आणि तिचा गज थांबला. हात आपोआप उठून पानाच्या कोपऱ्यावर गेला. तिथे सरकारांचा हात आधीच होता. दोन म्हातारे हात एकमेकांवर आपटले, पान उलटलं आणि ओळ निघून गेली. बाकीच्यांनी ती छान वाजवली. सभागृहात कुणाला काही कळलं नाही.

तिचं काळीज फाटलं. हाताला पडलेलं वळण! दुसऱ्या कुणावर चिडायचीही सोय नव्हती.

टाळ्या झाल्या, हार झाले. घरी जाताना गाडीत आईनं तिचा हात धरला. “आज थांबली नाहीस ना गं?”

“नाही आई. सगळं वाजवलं.”

“बरं झालं बाई.” आई थोडा वेळ तिची बोटं चाचपत राहिली. मग म्हणाली, “मग रडतेस कशाला?”

“संपलं ना आता आई, म्हणून.”