तिसऱ्या दारामागचा खोकला

पुतळीनं तांब्या पुढं केला, पण जनीनं हात काही पुढं केला नाही.

खांब गावात पुतळीच्या अंगणात वाल झोडून झाले होते. टरफलांचा ढीग एका अंगाला, सुपात टपोरे दाणे, आणि मधोमध उन्हात उभी ही परकी बाई. पेणच्या खाडीकाठावरून दोन एस.टी. बदलून आलेली, मिठागरात उभं राहून राहून पायांना भेगा पडलेली. घसा कोरडा पडलाय हे आवाजावरूनच कळत होतं, तरी पाणी घेत नव्हती. त्या मुलखात दारी आलेल्यानं पाणी नाकारलं म्हणजे भांडण मोठं.

"बस तरी गो," पुतळी म्हणाली.

"बसाया नाय आले. मी जनी. कान्हूची बायको. तुरुंगात मेला, त्या कान्हूची." तिनं पिशवीतून घडीचा कागद काढला. "वाचा."

नोंदवहीच्या पानाची नक्कल होती. 'तुरुंगाची पाहणी केली. सर्व व्यवस्थित. कैद्यांची तक्रार नाही. प्रकृती उत्तम.' खाली चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची मोठी, वाकडी अक्षरं: पुतळी काळुराम.

"सही तुमचीच ना?"

"व्हय."

"त्या दिसापासून नवव्या दिसाला माझा मानूस गेला. खोकून खोकून. बांधावरच्या मारामारीत धरलेला, चौदा महिने आत होता, खटला उभा नाय राहिला. आता चौकशी लागलीय, तर तुरुंगवाले म्हनतात, डॉक्टरनं त्याच दिशी तपासला, चांगला होता. आनि बाहेरची बाई येऊन डोळ्यांनी बघून गेली, तिला काय दिसला नाय. मंग तुला गो मिठागरात बसून कसा दिसला?"

पुतळीच्या हातातला तांब्या कलला. पाणी वालांवर सांडलं.

"गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी पेणला चौकशी हाय, डाकबंगल्यात," जनी म्हणाली. "याल तर या. नाय आलात तर तुमची सही हायच बोलाया." आणि आली तशी तरातरा निघून गेली.

पुतळीला ते काम दिलं होतं हैबतरावांनी. रोह्याचे हैबतराव, नात्यानं चुलत दीर, तालुक्यात वजन असलेले. "वहिनी, तुरुंग पाहायला जाणाऱ्यांच्या सरकारी यादीत एक बाई लागते. वर्षातून दोनदा जायचं, बघायचं, सही करायची. तुमच्यासारखी बोलकी बाई दुसरी कुठं शोधू?" बोलकी तर ती होतीच. गौरीच्या नाचाला पुतळीनं पहिली ओळ उचलल्याशिवाय तीन गावच्या बायांचे पाय उठत नसत.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. जिल्ह्याच्या बंदरातला जुना तुरुंग, शेवाळलेला दगड, उंच दार. तुरुंगाधिकारी महिपतराव उठून उभे राहिले, "या ताई" म्हणाले. खुर्ची दिली, पंखा लावला. ओलं खोबरं पेरलेले पोहे आले, चहा आला. पुतळीनं खाल्लं-प्यायलं, आणि तिथंच ती चुकली. ज्या घरचं खाल्लं त्या घरची भांडी उघडून बघू नयेत, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. व्याह्यांकडं कच्चा भात निघाला तरी तिनं आजवर "झकास झालाय" असंच म्हटलं होतं. तशीच ती तुरुंगातनं चालली, पाहुणी चालते तशी, नजर खाली घालून.

पण खाली घातलेली नजरही बघतेच. पाच जणांच्या खोलीत बारा जण बसलेले तिला दिसले. दवाखान्याच्या दाराचं कुलूप दिसलं, त्यावरचं कोळिष्टकही. आणि तिसऱ्या बंद दारामागून खोकला ऐकू आला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. मधूनच आतून दारावर थाप पडत होती.

"कोण वो ते?" तिनं विचारलं होतं.

"सवय आहे त्याला, ताई. नाटकं."

नोंदवहीत शेरा आधीच लिहून ठेवला होता. तिनं खाली सही केली.

परतीच्या एस.टी.त मात्र तिला चैन पडेना. लहानपणापासून तिची खोड होती, जे मनाला लागलं ते ओवीत बांधायचं. बांधलं की ते उतरत नसे, भिंतीवर हळदीचा हात उमटावा तसं राहून जाई. नागोठणं मागं पडेपर्यंत दोन ओव्या बांधून झाल्या. त्या गौरीला तिनं त्याच उचलल्या. बायांनी विचारलं, "ह्या कुठल्या गो?" तिनं पुढची ओळ उचलली. बाया फेर धरून त्याच ओव्या म्हणत नाचल्या. आणि तेव्हा तिकडं खाडीकाठी कान्हूची राख कधीच पाण्यात मिसळली होती.

जनी येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पुतळी बंदरातल्या तुरुंगात गेली. कळवलं नाही. ओळखपत्रावर 'केव्हाही' असं लिहिलेलं होतं, ते तिनं दारावरच्या शिपायाला बोट ठेवून वाचून दाखवलं.

महिपतराव लगबगीनं उठले. "या ताई! चहा सांगतो."

"चहा नको."

"निदान पाणी."

"पानी पन नको," पुतळी म्हणाली. तसा त्यांचा हात घंटेवरच राहिला. तेही कोकणातलेच होते, त्यांना कळलं.

आज तिनं नजर वर ठेवली. बारा जणांच्या खोलीत आता चौदा होते. तिनं एकेकाला नाव विचारलं, कधीपासून आत आहे ते विचारलं. दवाखान्याच्या दारावर नवं कोरं कुलूप चमकत होतं.

"कोळिष्टक पुसलंत. बरं केलंत," ती म्हणाली.

"ताई," महिपतराव आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही आमच्याकडचं मीठ खाल्लंय. त्याला तरी जागा."

"जागतेच हाय. पोह्यातलं मीठ पिकवलं कोनी? कान्हूसारख्यांनीच ना, खाडीच्या उन्हात पाय भाजून? मीठ त्यांचं खाल्लं, साहेब. तुमचे नुसते पोहे."

ती घरी पोचायच्या आधी ही गोष्ट रोह्याला पोचली. दुसऱ्या दिवशी हैबतराव अंगणात हजर. "वहिनी, शेरा खोटा होता असं लिहून दिलंत तर पहिली केस तुमच्यावर. महिपतराव सुटतील, तुम्ही अडकाल. आणि यादीतनं नाव जाईल ते वेगळंच."

"जाऊ दे नाव. त्या नावाच्या आडोशानंच मानूस मेला."

"तुम्हाला काय पडलंय त्या मिठागरवाल्यांचं?"

"भावजी," पुतळी वाल पाखडता पाखडता म्हणाली, "टरफल उडतंय, जरा बाजूला व्हा."

सोमवारी पेणच्या डाकबंगल्यात उकाडा मावत नव्हता. चौकशी अधिकारी चष्मा पुसत होते. एका बाकावर महिपतराव, समोर जनी. पुतळीकडं तिनं पाहिलंही नाही.

अधिकाऱ्यांनी नक्कल पुढं सरकवली. "ही सही?"

"माझी. वरचं लिहिणं माझं नाय, आनि खरं बी नाय."

"मग सही का केलीत?"

"पोहे खाल्ले होते म्हनून," पुतळी म्हणाली. कोपऱ्यातला कारकून हसला. ती हसली नाही. "लाज वाटते सांगाया, पन तसंच हाय. त्या दिशी डॉक्टर नव्हता. दवाखान्याला कुलूप होतं, कुलपावर कोळिष्टक. तिसऱ्या दारामागं मानूस खोकत होता. मी विचारलं, तर म्हनाले नाटकं. परत गेले तवा पाच जनांच्या खोलीत चौदा जन कोंबलेले, एकेकाचं नाव विचारून आलेय."

"काही नोंद आहे तुमच्याकडे?"

"हाय. कागदावर नाय."

आणि भर चौकशीत, पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून पुतळीनं ओळ उचलली:

*नारळी गं पुनवेचं, दुसरं ऊन पडलं*
*दवाखान्याच्या कुलपा, कोळिष्टक जडलं*

*तिसऱ्या गं दाराआड, कोण बाई खोकतो*
*बोलायाला जीव नाही, नुसतं दार ठोकतो*

दुसऱ्या ओवीला बाहेरून साथ आली. व्हरांड्यात शकू, रंभा आणि मालू बसल्या होत्या, खांबहून पहिल्या गाडीनं तिच्याबरोबर आलेल्या. ओळ उचलली गेली म्हटल्यावर त्यांना गप्प बसवेना.

जनीनं मान खाली घातली. पदर तोंडात कोंबला.

"बाई, गाणं म्हणजे पुरावा नाही," अधिकारी म्हणाले, पण आवाजात आधीची धार नव्हती.

"मंग सही कशी झाली पुरावा? सही करताना माझे डोळे मिटलेले होते. ओवी बांधताना उघडे होते."

"हे सगळं आता रचलंय, साहेब," महिपतराव मध्येच बोलले.

अधिकाऱ्यांनी चष्मा चढवला, शकूला आत बोलावलं. "हे गाणं कधी शिकलीस?"

"गौरीला, साहेब."

"यंदाच्या?"

"यंदाच्या कुठल्या? गेल्या भादव्यातल्या. चार दिस हेच गाऊन नाचलो. तीन गावच्या बाया सांगतील. किती आनू?"

"चौकशीचा हुकूम मार्गशीर्षातला आहे," अधिकारी स्वतःशीच बोलावं तसं बोलले, आणि लिहू लागले. खोलीत फक्त टाकाची कुरकुर. लिहून झाल्यावर त्यांनी पुतळीकडं पाहिलं. "हा जबाब दिलात तर खोट्या शेऱ्याची कारवाई तुमच्यावरही होऊ शकते. समजतंय ना?"

"व्हायलाच पायजे," पुतळी म्हणाली. "माझ्यापासून सुरू करा. पन माझ्यावर थांबू नका."

कारकुनानं जबाब लिहिलेला कागद पुढं केला. तिनं आधी तो सगळा वाचला, एकेका अक्षरावर बोट ठेवून. सगळे ताटकळले. 'कुलूप होते' हे होतं, खोकल्याचं नव्हतं. तिनं टाक मागून घेतला आणि स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं: 'तिसऱ्या दारामागे माणूस खोकत होता. मी ऐकले आणि निघून आले.' मग सही केली.

बाहेर ऊन रणरणत होतं. शकू, रंभा, मालू गाडी बघायला पुढं गेल्या. पुतळी वडाखाली टेकली. आवाज चढवून घसा सोलवटला होता, आणि उद्या काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नव्हतं.

सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. जनी उभी होती, हातात मिठागरावर नेतात तो पाण्याचा लहानसा कॅन.

"घे गो," जनी म्हणाली.

पुतळी उठू लागली.

"माफी नाय केली," जनी झाकण फिरवत म्हणाली. "पानी हाय नुसतं. आनि त्या चौदा जनांची नावं विचारून आलीस ना तू? ती सांग. ती बी ओवीत बांधाया पायजेत."

पुतळीनं ओंजळ धरली.