गादी सोडू नका

"राष्ट्रं तलवारीनं बुडत नाहीत, घाईनं बुडतात," छावणीच्या मैदानावर छाती काढून सूर्यकांत मास्तर म्हणाले. "आपली जागा वेळेआधी सोडायची नाही, एवढं ज्याला कळलं त्यानं जग जिंकलं." टाळ्यांसाठी ते थांबले. तेवढ्यात पहिल्या गादीवर उभा केलेला बद्रुद्दीन शिंपी दुसऱ्या गादीवर पोचलाही होता. चेंडू अजून मास्तरांच्या काखेत होता.

सॉफ्टबॉलचा हा खेळ मास्तरांनी मद्रासेहून, व्यायामाचं शिक्षण घेऊन येताना, आणला होता. हिंगोलीत तो रुजला तर त्यांची हंगामी नोकरी कायम होणार होती. निजामसरकारातून शाळा तपासायला येणारे मोहतमीम साहेब तसं बोलून गेले होते, आणि आता सामना बघायला स्वतः येणार होते. पोरं कापूस वेचायला गेलेली, म्हणून संघात गावातले बाप्ये घ्यावे लागले. धावणाऱ्यानं थांबायच्या जागा म्हणून कापसाचे व्यापारी गुलाबचंद शेठ यांनी पेढीवरच्या तीन गाद्या दिल्या, आणि गाद्यांच्या काळजीनं स्वतःही खेळायला आले.

नियम सोपा होता. फेकणाऱ्याच्या हातून चेंडू सुटेपर्यंत गादी सोडायची नाही. सोडली की बाद.

"शेवटी जायाचं तर तिथंच हाय ना मास्तर?" बद्रुद्दीन म्हणाला. "मंग वाट काहून बघायची?"

"हरिचंद चेंडू फेकेपर्यंत बघायची."

"त्यो हात गरगर फिरवतच राहतो. तवर माझा एक सदरा बेतून व्हतो."

मास्तरांनी बाद देऊन पाहिलं. सगळे इतक्या झटपट बाद झाले की बघ्यांच्या शेंगा सोलायच्या राहून गेल्या, आणि मास्तरांना खेळच येत नाही असं गावात ठरलं. मग त्यांनी खो-खोवरून तोड काढली. धावणाऱ्यानं गादीवर बसायचं, तेही चांगली मांडी घालून. मांडी घातलेला माणूस चोरून निघू शकत नाही. त्याला आधी हात टेकावा लागतो.

तोड लागू पडली. कोणी म्हणून आधी उठेना. मास्तरांना झोप लागू लागली.

साहेब आले त्या दिवशी हरिचंदचे चेंडू भलतीकडेच जाऊन राहिले होते. त्यामुळं नियमाप्रमाणे पहिल्या तिघांना बॅट न लावताच, फुकटात गादी मिळाली, आणि मागचा आला की पुढचा सरकत गेला. तिसऱ्या गादीवर बद्रुद्दीन, दुसऱ्यावर गुलाबचंद, पहिल्यावर बांगड्यावाले खाजा मिया, अशी बैठक जमली. मग हेडमास्तर बंडोपंतांनी डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू बाभळींच्या पार गेला.

"पळा," मास्तर म्हणाले.

कोणी हललं नाही. दुसऱ्या गादीपाशी उभ्या असलेल्या समोरच्या संघातल्या लालसिंगनं, जवळा बाजार गावी त्याचा कापूस विकायला यायचा होता म्हणून, शेठजींना भाव विचारला होता. आणि गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याला भाव विचारल्यावर तो उठत नसतो.

"माल बघितल्याबिगर भाव कसा सांगू? बसा की," शेठजी म्हणाले. लालसिंग बसला.

"खाजा मिया, तुम्ही तरी उठा," मास्तर काकुळतीला आले.

"शेठचा सौदा चालू हाय. मधूनच कसं जावं?" खाजा मिया म्हणाले. धापा टाकत आलेल्या बंडोपंतांना त्यांनी अदबीनं अर्धी गादी करून दिली.

"बद्रुद्दीन, तू?"

"एकटा आधी गेलो की तुमीच बाद देता."

साहेब खुर्चीवरून उठले आणि मास्तरांकडे चालत आले. मास्तरांना आपली नोकरी बाभळींच्या पार जाताना दिसली.

"मास्तर," साहेब म्हणाले, "परभणीपासून शाळा बघत आलो. जो तो जागा सोडून पळायला टपलेला. इथे चेंडू हरवला तरी माणूस हलत नाही. क्या ज़ब्त है, काय हा संयम! तुमची नोकरी कायम समजा."

मास्तरांचा ऊर भरून आला. शिस्तीबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून ते मैदानाकडे वळले, घसा साफ केला. तिसऱ्या गादीवरून बद्रुद्दीननं हात वर केला.

"मास्तर, भाषण लांबणार असंल तर टेकायला एखादा लोड मागवता का?"