दवाखान्यातली रिकामी खुर्ची

माझ्या व्याह्यांचे एक पत्र माझ्याकडे आले होते आणि मी त्याला उत्तर दिले नव्हते. आम्ही परदेशी येऊन राहिल्याला एक हिवाळा उलटला होता तेव्हाची गोष्ट. व्याही दंतवैद्य. त्यांच्या दवाखान्यात दोन खुर्च्या, एक त्यांची आणि एक त्यांच्या मुलाची, म्हणजे आमच्या जावयांची. फोनवर मी नुसता 'हं, हं' करतो. समोरचा काय म्हणाला ते मला फोन ठेवल्यावर कळते आणि त्याला काय सुनवायला हवे होते ते दुसऱ्या दिवशी सुचते. व्याह्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी लेखी कळवले.

त्यांनी लिहिले होते : 'लेकीच्या पगारावर दोन धडधाकट पुरुष बसून जेवतात हे ऐकून अभिमान वाटला. आपले वय झाले, आपल्याला क्षमा आहे. माझ्या मुलाला मात्र परत पाठवा. त्याची खुर्ची रिकामी आहे. सूनबाईंना नोकरीचे एवढे असेल तर त्यांनी खुशाल राहावे. नात आमच्याकडे वाढेल. आपण त्याला चार शब्द सांगावेत. आपण वाचणारे, आपल्याला शब्दांची काय वाण?'

शेवटचे वाक्य त्यांनी मला बोचावे म्हणूनच लिहिले असणार, आणि ते बोचले. मी जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक मला अर्धवट झोपेतही सापडते. स्वतःचे वाक्य मात्र पहिल्या शब्दापासूनच संशयास्पद वाटू लागते. उत्तराचे किती कच्चे खर्डे केले आणि फाडले ते विचारू नका. शिवाय अडचण निव्वळ शब्दांची नव्हती. जावयांनी जाऊ नये असे लिहावे, तर ते खोटे. जावे असे लिहावे, तर नात जाते. मग पत्र शब्दकोशाखाली सारले आणि गप्प बसलो. गप्प बसणे मला चांगले जमते.

आम्ही इथे आलो ते लेकीच्या नोकरीपायी. ती कागदाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. लगद्यात काय किती पडायचे, कागदात ओलावा किती राहायचा, हे तिने ठरवायचे. यंत्रावर पळणारा कागद मध्येच फाटला की हिचा फोन वाजतो आणि ती 'कागद तुटला' एवढे म्हणून बूट चढवते. कारखान्याचा वास उकडलेल्या कोबीसारखा. तो तिच्या केसांतून घरी येतो आणि पडद्यांत जाऊन बसतो. कंपनीने तिला बोलावले तेव्हा ठरले ते असे : जावयांनी तिकडचा दवाखाना सोडून यायचे, इथली परीक्षा द्यायची, मग इथे दवाखाना थाटायचा. तिकडची पदवी इथे चालत नाही. परीक्षा होईपर्यंत दुसऱ्याच्या तोंडात बोट घालायचीही परवानगी नाही. आणि मी यायचे ते नातीकडे बघायला. बायको गेल्यावर मला विचारणारे तिकडे कोणी नव्हतेच.

तर घरात दिवसभर दोन पुरुष आणि एक टेबल. त्या टेबलावर जावई अभ्यास करत आणि मी वाचत असे. आपल्यात जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान लांब तरी असतात. हा टेबलाच्या पलीकडे बसलेला. त्यांनी अभ्यासाचा प्लॅस्टरचा जबडा आणला होता, तो ते आ वासून माझ्याकडे तोंड करून ठेवत. मी मध्ये शब्दकोशाचे खंड रचून भिंत घातली. ते हीटर कमी करत, मी वाढवत असे. मी घासलेली भांडी ते पुन्हा घासत, आणि तेही मला ऐकू येईल अशा बेताने.

हे सुरू झाले त्या पत्रापासूनच. खालून टपाल त्यांनीच आणले. पाकिटावर नाव माझे, अक्षर त्यांच्या वडिलांचे. "अण्णा, तुमचं पत्र," एवढे म्हणून ते क्षणभर उभे राहिले. मी ते फोडले, वाचले आणि कोशाखाली ठेवले. झाले. मी त्यांच्या चहाड्या लिहून कळवतो असे त्यांच्या मनाने घेतले. चहाडी करायलासुद्धा माणूस थोडा बोलका असावा लागतो, हे त्यांच्या लक्षात यायला हवे होते.

त्या दिवसापासून ते माझ्याशी सरळ बोलेनासे झाले. निरोप नातीमार्फत. तिचे वरचे दोन दात पडलेले, म्हणून घरात तिला आम्ही बोळकी म्हणतो. 'तुझ्या आजोबांना सांग, आंघोळीनंतर फरशी पुसायची असते.' 'तुझ्या बाबांना सांग, पुसली होती; नंतर त्यावर कोण नाचलं ते त्यांनाच विचार.' बोळकी दोघांचे ऐकून घेई आणि थोडक्यात पोचवी : "आजोबा, बाबा रागावलेत. बाबा, आजोबापण." मग ती दोरीवरच्या उड्या मारू लागे आणि खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत बडवू लागे. तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे असे बघत असू, की जणू दांडा समोरच्याच्याच हातात आहे.

माझी वरची उजवी दाढ याच काळात दुखू लागली. मी ती लपवली. दंतवैद्यासमोर दाढ लपवणे म्हणजे मांजरापासून दूध लपवणे, पण त्यांच्यापुढे दाताच्या कण्या करायच्या नाहीत असे मी ठरवले होते. निरोप आलाच : आजोबा डावीकडूनच का चावतात? मी उलट निरोप धाडला, की उजवीकडे बसलेल्यांचं तोंड बघून भूक जाते. मध्ये कोणी असले की मी बराच धीट असतो.

एका संध्याकाळी जेवताना स्फोट झाला. व्याह्यांनी तिकिटे काढून फोनवर पाठवली होती : शाळेच्या सुट्टीची, दोन, जावयांचे आणि बोळकीचे. परीक्षा त्याच सुट्टीत. लेकीने फोन हातात घेऊन वाचले आणि विचारले, परतीची कुठे आहेत. जावई म्हणाले, ती नंतर काढू म्हणालेत बाबा.

"म्हणजे काढायची नाहीत," लेक म्हणाली.

"इथे राहून तरी मी काय दिवे लावतोय? भांडी घासतोय. सगळ्यांचीच इच्छा आहे मी जावं." 'सगळ्यांची' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, जबड्याकडे बघत होते.

"तुला जायचं तर जा. पोरगी जाणार नाही." मग ती माझ्याकडे वळली. "अण्णा, तुम्ही काही बोलणार आहात का?"

मला पुष्कळ बोलायचे होते. मी म्हणालो, भाजीत मीठ बरोबर पडलंय.

लेकीने आपले ताट उचलून सिंकमध्ये ठेवले. "एक बोलून छळतो आणि एक न बोलून. मी कोणाकोणाला पुरी पडू?" तेवढ्यात तिचा फोन वाजला. कागद तुटला होता. ती बूट घालून गेली, आणि आम्ही दोघांनी उरलेले जेवण संपवले. बोळकीने त्या दिवशी निरोप घ्यायला नकार दिला.

सकाळी माझा गाल पावासारखा फुगला. लेक कारखान्यात, बोळकी शाळेत. मी मफलर गुंडाळून वाचायला बसलो. घरात मफलर बघून जावयांनी वही मिटली.

"सोडा ते. खिडकीशी बसा," ते म्हणाले. पत्र आल्यापासूनचे त्यांचे मला थेट उद्देशून पहिले वाक्य.

मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो. त्यांनी हात धुतले, फोनचा दिवा लावला, एक चमचा गरम पाण्यातून काढला आणि तो उलटा करून माझ्या तोंडात घातला. मग ते बोलू लागले. पेशंटचे तोंड उघडे असतानाच बोलायची या लोकांना सवयच असावी.

"बाबांना काय काय कळवलंत? मी भांडी घासतो ते? पहिल्या खेपेला नापास झालो ते? बोलू नका, आ ठेवा. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. आणि आता ते फोनवर म्हणतात, तू राहावंस की नाही यावर तुझे सासरे गप्प आहेत, म्हणजे त्यांनाही तू तिथे नको आहेस. जीभ खाली. सासऱ्यालाच मी घरात नको असेन, तर मी कोणाच्या जिवावर अभ्यास करू? इथे दुखतं?"

मी किंचाळलो. त्यांनी चमचा काढला.

"मी त्यांना एक ओळही लिहिलेली नाही," मी म्हणालो.

"पत्राला उत्तर?"

"नाही दिलं."

यावर त्यांचा राग उतरेल असे मला वाटले होते. तो चढला. ते समोरच्या खुर्चीवर बसले, चमचा हातातच.

"'तो अभ्यास करतोय.' तीन शब्द होते. तेवढे लिहिले असते तर तिकिटं आली नसती. जन्मभर दुसऱ्यांच्या काना-मात्रा सुधारल्यात आणि तीन शब्द जमले नाहीत तुम्हाला? का लिहायचेच नव्हते? मी जावं असं वाटतं तुम्हाला?"

खोटे बोलण्याइतके माझे तोंड उघडत नव्हते. "वाटतं," मी म्हणालो. "बहुतेक दिवशी वाटतं."

"आणि पोरगी?"

"ती राहावी."

"छान. मला वाटतं तुम्ही जावं आणि ती राहावी."

आमचे एवढे एकमत प्रथमच होत होते. ते उठले, चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. "वरची, शेवटून दुसरी. मुळाशी पू झालाय. आजच काढायला हवी," असे भिंतीला सांगावे तसे म्हणाले आणि त्यांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडची बाई पुढच्या महिन्यातली तारीख देत असावी. मग जावई इथल्या भाषेत काही तरी सलग बोलले. त्या आवाजात मी त्यांना घरी कधी ऐकले नव्हते. दुपारची वेळ मिळाली.

दवाखान्यात ते माझ्याबरोबर आत आले आणि कोणती दाढ ते सांगू लागले. दंतवैद्य बाई हातमोजे चढवत होत्या. आम्ही बघू, म्हणाल्या, आणि नातेवाइकांनी बाहेर बसायचे म्हणून दाराकडे बोट दाखवले. जावई गेले. दार काचेचे होते. छत्र्यांच्या बादलीशेजारी, मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या बाकावर ते गुडघे जवळ घेऊन बसलेले मला दिसत होते. बाईंनी एक्स-रे काढला, बघितला, आणि नेमकी तीच दाढ ठोकून पाहिली. सांगायला हवे असे मला फार वाटले. बधिर जिभेने, इथल्या भाषेतल्या माझ्या मोजक्या शब्दांत, मी दाराकडे हात करून म्हणालो, माझे जावई, डॉक्टर. बाई हसून म्हणाल्या, घाबरू नका, डॉक्टर मीच आहे.

त्यांनी पकड लावली. मी काचेकडे बघत होतो. बाईंचे मनगट आतल्या बाजूला वळले तेव्हा बाहेर बाकावर बसल्या बसल्या जावयांचे मनगटही वळले. मग बाईंनी जरा जास्त ओढले आणि बाहेर जावयांनी मान हलवली, अशी नव्हे म्हणून. दाढ निघाली. त्यांनी हात मांडीखाली घातले.

घरी आल्यावर मी कापूस दाताखाली धरून टेबलाशी बसलो, कोशाखालचे पत्र काढले आणि जबड्यावरून पलीकडे सरकवले. जावयांनी वाचले. त्यांचे कान लाल झाले.

"धडधाकट," ते म्हणाले. "तुम्हालापण. त्यांनी तुम्हाला कधी नीट बघितलेलं दिसत नाही."

मी कागद ओढला आणि लिहायला लागलो. बोलता येत नव्हते म्हणून की काय कोण जाणे, पण या वेळी फाडायला हात गेला नाही. लिहून संपेपर्यंत लेक आली, कोबीच्या वासासकट. तिने उभ्या उभ्याच वाचायला घेतले :

'रा. रा. व्याहीबुवा यांस, सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. उत्तरास उशीर झाला तो माझ्या स्वभावामुळे. माझ्या गप्प बसण्याचा आपण लावलेला अर्थ चूक आहे. लेकीच्या पगारावर दोन पुरुष जेवतात हे खरे. जेवण बेताचे असते, कारण ते आम्ही दोघे करतो. आपल्या चिरंजिवांचे व माझे पटत नाही; पुढे पटेल असे चिन्ह नाही. आज त्यांनी माझी दाढ चमच्याने पाहून जे सांगितले, तेच इथल्या बाईंनी यंत्राने पाहून सांगितले. सुट्टीत ते कदाचित परीक्षेला बसणार आहेत, तरी तिकिटे रद्द करावीत. नात तिच्या आईबापांच्या घरी वाढेल. खुर्ची रिकामी असल्यास दुसरा माणूस बघावा. कळावे, लोभ असावा.'

"कदाचित?" लेकीने विचारले. माझ्याकडे नव्हे, नवऱ्याकडे बघून.

जावयांनी माझी लाल पेन्सिल उचलली आणि तो शब्द खोडला. खोडण्याची खूण त्यांनी चुकीची केली, पण मी बोललो नाही. पेन्सिल 'लोभ असावा'वर जाऊन थांबली. तो त्यांनी राहू दिला.

"आणि हे 'पटेल असे चिन्ह नाही' काढा, अण्णा," लेक म्हणाली. "बरं दिसत नाही."

"राहू दे," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

टपालपेटी कारखान्याच्या फाटकासमोर आहे. जावई माझ्याबरोबर आले. मी पत्र टाकीन यावर त्यांचा विश्वास नव्हता. खरे सांगायचे तर माझाही नव्हता. वाटेत ते दोन पावले पुढे चालत होते. पेटीपाशी पोचल्यावर मी पत्ता पुन्हा एकदा तपासला, मग पाकिटाची मागची बाजू, मग पत्ता.

"अण्णा," ते म्हणाले, "आता वाचायचं नाही."

मी पाकीट फटीत सरकवले आणि हात सोडला. त्यांनी झाकण वर केले, फोनचा दिवा लावला आणि वाकून, सकाळी माझ्या तोंडात पाहिले होते तसे, आत पाहिले.

"गेलं," ते म्हणाले.