डावा खांदा, पाऊण इंच खाली

ते दोन हजार पंचवीस साल होतं, आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात आगपेटीएवढी एक पट्टी पुन्हा उगवली होती... या संगणकाला यापुढे अपडेट मिळणार नाहीत. कापडावरचा खडू झटकावा तशी ती पट्टी घालवायची, आणि सुईत दोरा ओवून होईस्तोवर पट्टी परत हजर. मिळणार नाहीत तर नाहीत — तिनं कधी मागितली होती?

चार वाजता संगणकवाला जुना संगणक न्यायला येणार होता. नवा शेजारच्या टेबलावर बसलेलाच होता, पाहुण्यासारखा, काहीही न बोलता. थोरलीनं दोन दिवस खपून कपड्यांचे सगळे नमुने त्याच्यात नेले होते. "आई, एकशे ब्याऐंशी! एकही सुटला नाही गं."

तिनं नव्यावर टपालवालीच्या कोटाचा नमुना उघडला. दोन्ही खांदे सारखे. बावीस वर्षं थैली वाहून त्या बाईचा डावा खांदा पाऊण इंच उतरलेला — आणि इथे ती कवायतीला उभी असल्यासारखी.

"अगं, हा प्रोग्रॅम उजवी बाजूच घेतो. डावी तिच्यावरून आपोआप काढतो," थोरली म्हणाली. "सगळीकडे असंच करतात आता."

सगळीकडे... तिनं जन्मभर दोन्ही बाजू वेगळ्या काढल्या होत्या, कारण कोणाचंच अंग दोन्हीकडे सारखं नसतं, हे माप घेणाऱ्या हाताला पहिल्याच वर्षी कळतं. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर एकीकडून पाव इंच उंच — मान सदा माझ्याकडे कललेली, मशीनच्या आवाजावरून माझा राग किती चढलाय ते ओळखायला. तो गेला, कॉलर जुन्या संगणकात राहिली.

मग तिनं 'मी' नावाचा नमुना उघडला.

छातीपाशी कापडाला फुगवटा देणारी टक उजवीकडे होती. तशीच डावीकडेही. ती बघत राहिली. नऊ वर्षांपूर्वी, दवाखान्यातून आल्यावर, डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, थोरली स्वयंपाकघरात रडू दाबत भांडी घासत होती, तेव्हा मी इथेच बसून डावी बाजू सपाट काढली होती. एक सरळ रेघ. तीनदा पुसली, चौथ्यांदा राहू दिली. त्या रेघेवर नऊ वर्षांचे ब्लाऊज बेतले. आणि यानं एका क्षणात सगळं परत देऊन टाकलं, न विचारता... माझ्याच घरात.

संगणकवाला आला तो बोलतच. "काकू, हा ठेवू नका. व्हायरस शिरेल. दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे."

ती वाकली आणि भिंतीतून आलेली इंटरनेटची वायर उपटली. "घ्या. दारच काढलं."

"मग याच्यावर बातम्या दिसायच्या नाहीत."

"मला बातम्या शिवायच्या नाहीत."

तो हसला. थोरली हसली नाही. "आई, हट्ट करू नकोस. एक दिवस हा बंद पडेल आणि सगळंच जाईल."

"जाईल तेव्हा जाईल. पण असेल तोवर खरं असेल." आवाज चढला होता. "ये इकडे. 'मी' बघ. आधी तिथला, मग इथला."

थोरलीनं दोन्ही पाहिले. मग ती नव्या संगणकाच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणांची नुसती उघडझाप करत राहिली. संगणकवाला आपण होऊनच निघाला.

पुढे त्यानं दुकान बदललं, आता कॅमेरे बसवतो. टपालवाली निवृत्त झाली. तो कोट घालून अजून फिरायला जाते. थोरली नव्यावरच काम करते, मात्र आता माप घेताना दोन्ही खांद्यांना टेप लावते. जुना चालू व्हायला बारा मिनिटं घेतो. पट्टी उगवते. मी ती घालवत नाही, बसू देते कोपऱ्यात.

फक्त कधीतरी दुपारी, थोरली बाहेर गेली की, शेजारच्या टेबलाकडे नजर जाते. दोन्हीकडे भरलेली ती बाई अजून तिथे असेल, की थोरलीनं पुसली असेल? मी विचारलेलं नाही. मला ती परत नकोच आहे... खडूचा हात तेवढा डावीकडे जातो, छातीवरच्या सपाट जागेवर, आणि तिथे थांबतो.