पडदा धरणारी

रांगेत सौसनच्या पुढे सात माणसं होती. सगळ्यांच्या अंगावर रंगीत कपडे. एरवी दिल्लीत लोक पांढरंच वापरत. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने रंगीत घालून दरबाराच्या दाराशी यायचं, मग त्याला कुणी अडवायचं नाही, असा रझिया सुलतानांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता होता. सौसनने आदल्या दिवशी आपली ओढणी आधी तुरटीत आणि मग मंजिष्ठेत उकळली होती. कडेला रंग नीट चढला नव्हता.

मागे उभ्या असलेल्या म्हातारीने ते हेरलं. ही पालम गावची गोमती.

"घाईत रंगवलीस वाटतं. एवढं काय झालं गं?"

सौसनने सांगितलं, काम गेलं. गोमती म्हणाली, तिच्या तर विहिरीवरच एका अमिराच्या माणसांनी पहारा बसवलाय; बैल पार नदीवर न्यावे लागतात. मग तिने विचारलं, काम कसलं होतं.

"पडदा धरायचं."

गोमती हसली. "त्याला खिळा पुरतो की, बाई."

खिळे होतेच. पण तीन वर्षं रझिया सुलतान दरबारात पडद्याआड बसत, आणि आतल्या बाजूला पडद्याची कड धरून सौसन एकटी उभी असे. फिर्याद ऐकताना सुलतानांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. तो थांबला की निकाल ठरला, हे दरबाराच्या आधी सौसनला कळे. निकाल सांगून झाला की कधी कधी त्या तिच्याकडे बघत. बरोबर ना, असं. एवढंच. सौसनला सहाव्या वर्षी बाजारातून विकत आणलं होतं. तसं तिच्याकडे दुसऱ्या कुणी कधी बघितलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी सुलतान पुरुषी अंगरखा आणि टोपी घालून सगळ्यांसमोर बसल्या. सौसनची रवानगी कपड्यांच्या कोठीत झाली. पडदा पुन्हा लावा, एवढंच मागायला ती आज आली होती.

रांग सरकली. गोमतीचे पाय सुजलेले दिसत होते, म्हणून सौसनने तिला पुढे जाऊ दिलं.

गोमती बाहेर आली ती डोळे पुसतच. उद्यापासून पहारा उठणार होता. पण विहिरीबद्दल ती फारसं बोललीच नाही.

"माझ्याकडे बघितलं त्यांनी," ती म्हणाली. "निकाल सांगितला नि बघितलं. पटलं का गं म्हातारे, असं. आमच्या घरात कुणी बघत नाही असं."

सौसन दाराकडे सरकली.

दारावरचा पहारेकरी सुंकर तिला ओळखत होता. तो जवळ आला. "सौसन, तू? आणि रंगीत? लग्नबिग्न ठरलं की काय?" मग तिचा चेहरा बघून आवाज खाली आणत म्हणाला, "कुणी त्रास दिला? नाव सांग. आत कळवतो."

आतून सुलतानांचा आवाज येत होता. पूर्वी तो पडद्याला अडून दबका यायचा. आता दारापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि रांगेतून बाहेर पडली.

कोठीकडे जायची वाट बाजारातून होती. रंगीत ओढणी बघून लोक बाजूला होत होते. एक हमाल ओझ्यासकट थांबला. कोपऱ्यावरचा पखालवाला आपणहून पुढे आला, पखालीचं तोंड सैल करत म्हणाला, "घ्या, माई. मिळाला का न्याय?"

सौसनने ओंजळ पुढे केली. उत्तर द्यायला लागू नये म्हणून ती बराच वेळ पाणी पीत राहिली.