मागून आलेला आवाज

उमाजीने चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकला आणि डोळे मिटले. मल्लेश्वरममधल्या त्या जुन्या घराच्या पोर्चमध्ये काळी जर्मन गाडी इतकी ऐसपैस उभी होती, की तिच्यासाठी तुळशीची कुंडी कडेला सरकवावी लागली होती. गाडीचे मालक उपेंद्र हात मागे बांधून पायरीवर उभे होते. त्यांचे थोरले बंधू आखातातून परतताना ही गाडी घेऊन आले होते; आता ते मुलाकडे परदेशी राहायला गेले होते, आणि उपेंद्रांना गाडी चालवता येत नव्हती.

बसवंत दोन पावलं मागे थांबला होता. उमाजीअण्णा गाडी बघत असताना मध्ये बोलायचं नाही, हे तो फार पूर्वी शिकला होता. निपाणीहून बंगळूरला आला तेव्हा त्याला फक्त ट्रॅक्टर चालवता यायचा. उमाजीने त्याला ॲम्बेसेडरवर बसवलं, शहर दाखवलं, आणि सगळ्यात आधी ऐकायला शिकवलं. गाडी बिघडायच्या आधी सांगते, ऐकणारा पाहिजे, असं उमाजी म्हणायचा. कोणत्या चाकाचं काय बिनसलंय हे तो फाटकाबाहेर उभा राहून ओळखत असे. दुसऱ्या मालकांचे ड्रायव्हरसुद्धा आपल्या गाड्या त्याला ऐकवायला घेऊन येत.

त्याच्याकडे भाड्याने चालणाऱ्या चार ॲम्बेसेडर होत्या. मराठ्यांच्या ज्या घराण्यात तो जन्मला ते शहाजीराजांच्या काळापासून इथलंच. आजोबांचा टांगा होता, वडिलांची टॅक्सी. आता बोम्मसंद्राच्या एका नव्या कारखान्यात जर्मनीहून, जपानहून पाहुणे येऊ लागले होते. त्यांना विमानतळावरून आणायचं, कारखान्यात न्यायचं, संध्याकाळी हॉटेलवर सोडायचं, असं वर्षभराचं काम होतं. कारखान्यात हे सगळं बघणारी रम्या नावाची मुलगी नम्रपणे म्हणाली होती, की तुमच्याबद्दल सगळे चांगलंच सांगतात, पण ॲम्बेसेडर चालणार नाही. महिनाअखेरपर्यंत मोठी गाडी दाखवली तर काम तुमचं.

ती गाडी उमाजी स्वतः चालवणार होता. त्याबद्दल चर्चाही झाली नव्हती. त्याच्या बायकोने, रत्नाबाईंनी, त्याच्यासाठी दोन पांढरे ड्रेस शिवून आणले होते आणि ते इस्त्री करून कपाटात टांगले होते.

"सरी, ठीक आहे," उमाजी डोळे उघडून म्हणाला. "स्वल्प फिरवून बघू."

तो स्टिअरिंगवर बसला, बसवंत शेजारी, उपेंद्र मागे. यशवंतपूर ओलांडून तुमकूर रोडला लागेपर्यंत उमाजीच्या चेहऱ्यावर एक नवंच समाधान पसरलं होतं. काचा बंद होत्या, एसी चालू होता, बाहेरच्या लॉऱ्या जणू पाण्याखालून जात होत्या. उमाजीचे हात स्टिअरिंगवर अलगद होते. मोकळा रस्ता मिळाल्यावर त्याने वेग वाढवला आणि मग ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला.

तेव्हा बसवंतला तो आवाज आला. मागून, खालून. बारीक, लांबलेला, विव्हळल्यासारखा. वेग उतरला तसा तोही उतरत गेला. उमाजीने पुन्हा पाय दाबला, आवाज थांबला. पाय उचलला, पुन्हा सुरू. बसवंतने नकळत आपल्या बाजूची काच खाली केली. गरम वारा आणि धूळ आत आली, आणि त्यासोबत तो आवाज आणखी स्पष्ट झाला. मागच्या ॲक्सलमधले गिअर झिजले होते.

त्याने उमाजीकडे पाहिलं. उमाजी रस्त्याकडे बघत हसत होता.

"काय शांत आहे बघ," तो म्हणाला. "चालू आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

मागे उपेंद्र पुढे सरकले आणि कन्नडमध्ये सांगू लागले. हा आवाज गेल्या वर्षापासूनच येतो. गॅरेजवाल्याने सांगितलंय की मागचे गिअर बदलावे लागतील, पण ते परदेशातून मागवायचे, त्यात किती महिने जातील सांगता येत नाही. तुम्ही घ्यायच्या आधीच सांगितलेलं बरं, नंतर बोल नको.

"हो हो," उमाजीने आरशात बघत त्यांना कन्नडमध्येच उत्तर दिलं. "सीट फारच आरामाच्या आहेत."

उपेंद्रांनी गोंधळून बसवंतकडे पाहिलं. बसवंत मागे वळला आणि घाईघाईने म्हणाला, की तुमचं म्हणणं कळलं, आम्ही आपसात बोलून घेतो. मग त्याने काच वर केली आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिला.

गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढे येऊ लागल्या. ऑफिसातला फोन आता अण्णांची मुलगी भव्याच उचलायची. गाड्या ऐकवायला येणाऱ्यांना अण्णा हल्ली वेळ नाही म्हणून परत पाठवायचे. चहा प्यायला बसले की ते नेहमी भिंतीकडे पाठ करून, सगळ्यांची तोंडं दिसतील असे बसायचे. बसवंतला वाटलं होतं, माणूस मोठा झाला की बदलतो.

आता सांगायचं तर कसं? गाडी नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की दुसरीही गोष्ट उघडी पडणार. ती उघडी पडली की मोठ्या गाडीचं स्टिअरिंग आपोआप कोणाकडे येणार, हेही उघड होतं. अण्णांच्या हाताखाली त्याच्याइतका जुना ड्रायव्हर दुसरा नव्हता. ज्यानं शिकवलं त्याच्याच हातातलं काढून घेतलं, असं लोक म्हणाले असते. लोकांचं सोडा, अण्णांनाच तसं वाटलं असतं तर?

पोर्चमध्ये परत आल्यावर उमाजीने बयाणा द्यायला खिशात हात घातला. बसवंत एकदम पुढे झाला.

"अण्णा, आज नको. अमावस्या हाय."

उमाजीचा हात खिशातच थांबला. त्याने बसवंतच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग हात बाहेर काढला आणि उपेंद्रांना नमस्कार करून, थोड्या वेळाने येऊन सांगतो, म्हणाला.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याने बाय-टू कॉफी मागवली. एका कॉफीचे दोन पेले आले. उमाजी भिंतीकडे पाठ करून बसला होता. त्याने पेल्याला हात लावला नाही.

"अमावस्या गेल्या आठवड्यात झाली," तो म्हणाला. "आवाज कसला होता?"

बसवंत टेबलावरचं सांडलेलं पाणी बोटाने पुसू लागला.

"कसला आवाज, अण्णा?"

"एसी चालू असताना तू काच खाली केलीस. मागचं ऐकायचं असलं की काच खाली करायची, हे तुला मीच शिकवलंय. आणि ते उपेंद्र मागून काहीतरी बोलत होते, आरशात तोंड हलताना दिसलं. ते काय म्हणाले, आणि मी काय भलतंच बोललो?"

बसवंतने सांगितलं. सीटबद्दलचं सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की उमाजीला पुढे वाकून त्याच्या ओठांकडे पाहावं लागलं. मग गिअरबद्दल, परदेशातून येणाऱ्या सामानाबद्दल सगळं सांगितलं. उमाजी ऐकत राहिला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी पेपर उलगडत होतं.

मग उमाजीने सांगितलं, की दोन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले. पाखरांचे, पंख्याचे, भांड्यांचे. आता माणूस समोर असला तर समजतं, पाठीमागून बोलला तर नुसतं गुणगुणल्यासारखं येतं. डॉक्टरला दाखवून झालं. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यात रस्त्यावरचा गोंगाट एवढा घुसतो की चालवताच येत नाही. घरात रत्नाबाईंना आणि भव्याला माहीत आहे. बाकी कोणाला नाही.

"मग मला का सांगितलं न्हाई?"

"तुला बरोबर कशाला आणलं मग?" उमाजी म्हणाला. "गाडी ऐकायलाच आणलं होतं. वाटलं, तू ऐकशील आणि सांगशील, दुसरं काही बोलावं लागणार नाही. परक्या माणसानं खरं सांगितलं, बसवंता, आणि तू अमावस्या काढलीस."

बसवंतने मान खाली घातली. उमाजीने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग थंड झालेली कॉफी एका घोटात संपवून उठला.

उपेंद्रांच्या घरी तो एकटाच गेला. बसवंत फाटकाबाहेर थांबला. त्याला दिसलं, की अण्णा पायरीवर त्यांच्यासमोर उभे राहिले, एक बोट आपल्या कानाला लावून काहीतरी बोलले, आणि उपेंद्रांनी घाईने त्यांचे दोन्ही हात धरले. ती गाडी घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात होसकोट्याला दुसरी एक गाडी असल्याचं कळलं. एका कारखानदाराची, राखाडी, त्या काळ्या गाडीपेक्षा जुनी. एका दारावर ओरखडा होता आणि आतली कातडी सीटांच्या कडांना फाटायला आली होती. कारखानदाराने किल्ली उमाजीच्या हातात दिली. सवयीने तो ड्रायव्हरच्या दाराकडे गेला, दार उघडलं, आणि तिथेच थांबला. मग किल्ली बसवंतपुढे धरली.

"चालव. मी मागे बसतो, पाहुणा बसतो तिथं."

बसवंतने सगळ्या काचा खाली केल्या. होसकोट्याच्या बाहेर तळ्याच्या कडेने रस्ता सरळ जात होता. त्याने वेग वाढवला, पाय उचलला, खड्ड्यातून घातली, जोरात ब्रेक मारला, वळवली, पुन्हा पळवली. मध्येच इंजिन बंद करून नुसतीच घरंगळू दिली. गाडी थांबल्यावर तो पूर्ण मागे वळला आणि एकेक गोष्ट सांगत गेला: इंजिन स्वच्छ, मागचं शांत, पुढच्या डाव्या चाकात किंचित खुळखुळ, पण ते इथंच होण्यासारखं काम. उमाजी त्याच्याकडे एकटक बघत ऐकत होता. शेवटी त्याने मान हलवली.

व्यवहार त्याच दुपारी झाला. परतताना उमाजी मागेच बसला. वाटेत चहाला थांबले तेव्हा तो खिडकीशी उभ्या असलेल्या बसवंतला म्हणाला, की पाहुणे यायला लागले की बोम्मसंद्राला तू जायचंस.

"गाडी तुमच्यासाठी घ्यायची होती, अण्णा. अक्कांनी कपडे शिवलेत."

"पाहुणे मागे बसून बोलतात. चालवणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं."

"मला इंग्रजी कुठं येतंय?"

"ते शिकता येतं," उमाजी म्हणाला, आणि रिकामा ग्लास त्याच्याकडे दिला.

बसवंतने ग्लास टपरीवर नेऊन ठेवले. गाडीत बसून त्याने किल्ली फिरवली, मग पुन्हा बंद केली. सीटवर हात टेकून तो मागे वळला, उमाजीचं लक्ष येईपर्यंत थांबला.

"पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी बसा," तो म्हणाला. "रस्ता दाखवायला."

बोम्मसंद्राला जाणाऱ्या होसूर रोडवरचा एकेक खड्डा बसवंतला पाठ होता, आणि उमाजीला ते ठाऊक होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "सरी."